साहेबांचं मत आणि साहेबांची खुर्ची : तुमचे अनुभव लिहा

अनघा_सातारा
मुलगा एका पतसंस्थेत लागलाय, वर्ष होत आलं. काल रात्री जेवताना त्यानं फोन पुढे केला. ऑफिसच्या ग्रुपवर शाखाधिकाऱ्यांचा निरोप होता, अमुक नेत्यांचा उद्या वाढदिवस, सगळ्यांनी सकाळी दहाच्या आत त्यांचा फोटो स्टेटसला ठेवायचा आणि स्क्रीनशॉट इथे टाकायचा. "आई, ठेवू का?" म्हणाला. त्या नेत्यांवर त्याचा राग आहे असंही नाही. कर्जाचे हप्ते वसूल करायच्या नोकरीत हे कुठून आलं, एवढंच त्याला कळेना.

मला दादा आठवले. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. कोरेगाव तालुक्यात एका हायस्कूलला हेडमास्तर होते. सेवा दलाच्या शाखेवर वाढलेले, पक्के समाजवादी. ७७ च्या निवडणुकीत आमच्या सोप्यात रात्री बारा-बारापर्यंत वाद चालायचे, आई चहा करून दमायची. तेच दादा शाळेच्या ऑफिसात पाऊल टाकलं की त्या विषयावर अवाक्षर काढत नसत. एकदा शिपाईमामांनी हौसेनं जनता पक्षाचं कॅलेंडर आणून त्यांच्या खुर्चीमागे लावलं. मामांना वाटलं हेडसर खूश होतील. दादांनी ते स्वतः खिळ्यावरून उतरवलं, गुंडाळी करून घरी आणलं आणि स्वयंपाकघरात लावलं. वर्षभर आईनं दुधाचा हिशेब त्याच्यावरच लिहिला.

दुसरी आठवण जास्त लख्ख आहे. वरच्या वर्गांची वादविवाद स्पर्धा होती, विषय आणीबाणी. परीक्षक म्हणून हेडमास्तर बसायचे ही रीतच होती. दादांनी आपलं नाव काढून घेतलं. स्टाफरूममध्ये सरळ सांगितलं, "मला या विषयात बाजू आहे. पोरं काय बोलतात ते ऐकेन, मार्क देणार नाही." मग विज्ञानाचे सर आणि शेजारच्या गावच्या शाळेतल्या एक बाई परीक्षक झाल्या, दादा मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

मत प्रत्येकाला असतंच. पण ज्याच्या सहीवर दुसऱ्याचा दाखला, पगार, पाळी, उपचार अडतो त्यानं ते मत कुठे ठेवायचं हे दादांना पक्कं ठाऊक होतं. तशी माणसं आता कमी होत चाललीत असं मला मनापासून वाटतं आणि त्याचं वाईट वाटतं. तुमचे काय अनुभव? साहेब, चेअरमन, सरपंच, मुख्याध्यापक, मालक, कुणाचेही. चांगलेही लिहा. फक्त माणसांची आणि संस्थांची नावं नकोत, गावं लहान आहेत आपली.

शिराळ्याची_लेक
कॅलेंडरवर दुधाचा हिशेब 😊 आमच्याकडे पण तसंच. गॅस कधी आला, धोब्याकडे किती कपडे, सगळं त्याच्यावरच.
वडील मोठे होते हो तुमचे.

कृष्णाकाठ
नावं न घेता लिवतो. कारखान्याची निवडणूक झाली त्या साली आमचं चुलतं विरोधी पॅनेलमधनं उभं हुतं. पडलं. पडलं तर पडलं, त्यात काय. पण हंगाम सुरू झाला आन आमची पाळीच येईना. आडसाली, म्हंजी दीड वर्साच्या उसाची लागण, जुलैची, नोंद वेळेवर केलेली, पावती हातात. क्रमपाळीनं डिसेंबरात तोड यायला पायजे हुती. आमच्या मागनं लागण केलेल्यांचं फड मोकळं झालं, त्यांचा खोडवा गुडघ्याला लागला, आमचा ऊस उभाच. गट ऑफिसला गेलं की चिटबॉयकडं, म्हंजी तोडीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या माणसाकडं, बोट. चिटबॉय म्हणणार टोळीच न्हाय. मुकादम म्हणणार टोळी हाय पर मला वरनं चिठ्ठी न्हाय. कोण नक्की अडवतंय ते कुणीच सांगत न्हाय, आन सगळ्यास्नी म्हाईत असतंय.

तुरं आलं. तुरा आला की उसात दशी पडती, वजन घटतं, वाढं बी वाळून जातंय. आई रोज सकाळी बांधावर जाऊन यायची आन गप बसायची. शेवटी मार्चमधी वडिलांनी गुऱ्हाळाला घातला, मिळंल त्या दरानं. त्या सालचं सोसायटीचं कर्ज पुढल्या साली गेलं, बहिणीचं लगीन बी पुढं गेलं.

चेअरमनसायबांचं मत काय का असंना. त्येंनी कुठल्याबी पक्षाचं काम करावं, सभंत आमच्या चुलत्याला नाव घिऊन बोलावं, आमचं कायबी म्हणणं न्हाय. तोडीचा कार्यक्रम हे कारखान्याचं काम हाय. आमी सभासद हाय, शेअर आज्ज्याच्या नावचा हाय. ऊस गेल्यावर चौदा दिवसात एफआरपी, म्हंजी सरकारनं ठरवल्याला उसाचा किमान दर, द्यायचा कायदा हाय म्हणत्यात. ऊस न्यायचाच न्हाय तर चौदा दिवस मोजायचं कुठनं?

आन हीच माती बगा. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी १९३० ला तलाठ्याची नोकरी सोडली आन मग चळवळीत उडी घेतली. आदी दप्तर खाली ठेवलं. फुडं प्रतिसरकार उभं केलं, ५७ ला उत्तर साताऱ्यातनं कम्युनिस्ट पक्षाचं खासदार झालं. मत कदी लपवलं न्हाय त्या माणसानं, पर तलाठ्याच्या दप्तराच्या आडनं कुणाची जिरवली बी न्हाय. आमच्या आज्ज्यानं त्येंचं भाषण ऐकल्यालं, तो सांगायचा.

शिराळ्याची_लेक
वाचून पोटात कालवलं दादा. आमच्याकडे भात, पण माहेर उसातलं, तुरा आलेला फड माहीत आहे. बहिणीचं झालं का पुढे?

कृष्णाकाठ
झालं की ताई, चांगलं झालं. जावई फौजेत हायत. आता ऊस निम्म्यावर आणला, हळद घातलीया.

हळदबाजार
सेलम का राजापुरी? पॉलिश करूनच आणा सांगलीला, तशीच आणली की दर पाडतात. सौद्याच्या आधी मला मेसेज करा, माझा काका आहे तिथे हमाल पंचायतीत.

कृष्णाकाठ
सेलम. करतो मेसेज.

निवृत्त_महसूल
महसूल खात्यात नोकरी झाली, शेवटची वर्षं सांगली जिल्ह्यात. अनघाताई, तुमच्या वडिलांना जे आतून कळलं ते आम्हाला नियमात लिहून दिलेलं असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, नियम ५. पक्षाचं सभासद व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, निवडणुकीत वजन वापरायचं नाही. मतदान मात्र करायचं, पण कुणाला केलं किंवा करणार हे कळू द्यायचं नाही. कर्मचाऱ्याला मत नसावं असं नियम कुठेही म्हणत नाही. मत आहे हे गृहीत धरूनच तो लिहिलाय. निवडणुकीच्या कामावर असलेल्यांना तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२९ वेगळं आहे.

नियम सगळ्यांना पाठ असतो. पाळणारा साहेब मी जवळून पाहिला तो २०१९ च्या पुरात. ऑगस्टमध्ये पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर पंचनामे. आमच्या साहेबांचे सख्खे मेहुणे एका पक्षाचे तालुक्याचे पदाधिकारी, आणि साहेबांचा कल कुठे हे ऑफिसात चहावाल्यालाही माहीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून फोन. "आपल्या माणसांचं आधी बघा." दुसऱ्या बाजूचे लोक उलट, "आमची नावं वगळणार हे नक्की."

साहेबांनी दोन गोष्टी केल्या. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांची पथकं केली ती ज्याच्या त्याच्या गावात न देता आलटून पालटून दिली. आणि यादी तयार झाली की ती चावडीवर लावून भागायचं नाही, मोठ्यानं वाचायची, ज्याला आक्षेप आहे त्यानं तिथेच सांगायचा, तो लिहून घ्यायचा. मेहुण्यांचं घरही पाण्यात होतं. त्या घराकडे साहेब स्वतः फिरकले नाहीत, आमच्यापैकीही कुणाला पाठवलं नाही, बाहेरच्या तालुक्यातून मदतीला आलेल्या पथकाला पाठवलं. बहीण त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. यादीवर भांडणं झालीच, पुरानंतर होतातच. पण "पक्ष बघून नाव कापलं" असं त्या मंडळात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. साहेब आता निवृत्त होऊन त्याच पक्षाचं काम उघडपणे करतात आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही.

गावभाग_सांगली
काका तुमचे साहेब आमच्याकडे असते तर. आमचं घर माळ्यापर्यंत पाण्यात होतं. मदतीचं पाकीट आलं त्याच्यावर फोटो. देणाऱ्या पोरानं आधी विचारलं तुम्ही कुठल्या वॉर्डातले, नगरसेवक कोण. आजी म्हणाली बाळ आम्ही भिजलेले आहोत. पोरगं ओशाळलं, दोन पाकिटं देऊन गेलं.

निवृत्त_महसूल
आजींना नमस्कार सांगा.

एमआयडीसी_शिफ्ट
मला सगळं पटत नाही. सरकारी साहेब ठीक आहे, पगार जनतेचा, सगळ्यांना सारखंच वागवलं पाहिजे. आमचे मालक स्वतःच्या जिवावर कारखाना चालवतात. त्यांचं मत त्यांनी का लपवावं? गेल्या निवडणुकीत सभेला बस दिली, जेवण दिलं. ज्याला जायचं नव्हतं तो गेला नाही, मी पण गेलो नव्हतो. कुणाचं काही वाकडं केलं नाही त्यांनी. उलट मुलीच्या ऑपरेशनला मला उचल दिली, मी त्यांच्या पक्षाचा नाही हे माहीत असून. असा मालक असेल तर बोलू दे की त्याला.

टर्नर_फिटर
तुमचे मालक चांगले आहेत म्हणून तुम्ही असं लिहू शकता भाऊ. आमच्याकडे सुपरवायझरनं हजेरी सभेच्या मंडपात घेतली. जे आले नाहीत त्यांना पुढचा महिनाभर ओव्हरटाइम नाही. कुणी तोंडानं काही बोललं नाही, बोर्डावर नावच यायचं नाही. मी हप्त्यावर गाडी घेतली होती, मला माहीत आहे तो महिना कसा काढला. आणि मतदानाच्या दिवशीची पगारी सुट्टी कायद्यानं आहे, खासगी कारखान्याला पण आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचंच कलम १३५ ब. ती पण "साहेबांच्या कृपेनं" म्हणून जाहीर झाली माइकवर.

एमआयडीसी_शिफ्ट
हे चूकच आहे. हजेरी मंडपात घेणं हे मत असणं नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं की मत असणाऱ्याला आधीच गुन्हेगार धरू नका.
कुठली गाडी घेतली?

टर्नर_फिटर
स्प्लेंडर. अजून चालू आहे. हप्ते फिटले 🙏

घेवडा_कोरेगाव
अनघाताई कोरेगाव तालुका म्हणजे कुठलं गाव? आमचं पण तिकडचंच. माझे वडील त्या काळात हायस्कूलला होते, एका हेडसरांची गोष्ट सांगायचे की सोप्यात बसले की भांडायचे आणि शाळेत एकदम वेगळे. तेच असतील का?

अनघा_सातारा
निरोप टाकते तुम्हाला. इथे गावाचं नाव नको. वाघ्या घेवडा अजून लावता का तुम्ही? मुंबईच्या बहिणीला दर वर्षी पाठवायचे, यंदा चांगला मिळालाच नाही.

घेवडा_कोरेगाव
लावतो थोडा. पाऊस काढणीला आला की रंग जातो. पाच किलो ठेवतो तुमच्यासाठी.

टेंभूकर
सगळेजण मत घरी ठेवा म्हणतायत म्हणून उलट बाजू मांडतो. आमच्या टेंभूचे आगरकर. केसरीचे पहिले संपादक. टिळकांशी मतं जुळेनात, १८८७ ला केसरी सोडला, पुढच्या वर्षी सुधारक काढला. नंतर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. प्राचार्य झाले म्हणून त्यांनी विधवांच्या केशवपनाबद्दल लिहिणं थांबवलं का? जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी, तरी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील घ्या. १९१९ ला कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. ते नुसतं शिक्षण होतं का? ते मत होतं, आणि त्या काळात अनेकांना ते झोंबत होतं. त्यांनी "मी संस्थाचालक, मला मत नाही" असं म्हटलं असतं तर माझे आजोबा शिकले नसते. ते त्याच वसतिगृहात राहून शिकले. त्यामुळे मत बाहेर ठेवा हे वाक्य मला घाबरट वाटतं. कुठलं मत आणि कशासाठी ते विचारा.

अनघा_सातारा
टेंभूकर, तुमचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, दुपारभर त्यावरच विचार करत होते. कर्मवीरांच्या मतामुळे कुणाला ताट कमी पडलं नाही. आधी जो बाहेर होता तो पंगतीत आला, आणि आधीपासून बसलेल्याला उठवलं नाही. कृष्णाकाठदादांच्या चेअरमननी मत वापरलं ते हक्काच्या सभासदाला मागे ढकलायला. दोन्हीकडे मतच आहे, मान्य. पण ज्यानं उलट मत दिलं त्याचंही काम तितक्याच वेळेत होतं का, हे बघितलं की मला फरक लगेच दिसतो. आगरकर सुधारकात सडेतोड लिहीत होते, वाचणारा वाचो न वाचो. विद्यार्थ्याला पास करण्यासाठी "आधी सुधारक घे" अशी अट त्यांनी घातली असती तर तुम्ही आज अभिमानानं नाव घेतलं असतं का त्यांचं?

टेंभूकर
नसतं घेतलं. हे पटलं. तरी "राजकारण नको" म्हणणाऱ्या संस्थाचालकांचाच मला जास्त संशय येतो, कारण त्यांचंही असतं आणि ते कुणाला दिसत नाही. तुमच्या दादांनी "मला बाजू आहे" म्हणून उघड सांगितलं, ते मला सगळ्यात आवडलं.

जयश्री_वाई
वाईचं नाव कुणी घेतलं नाही अजून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, यशवंतराव चव्हाण काँग्रेसचे मुख्यमंत्री. तरी साहित्य संस्कृती मंडळ आणि विश्वकोश यशवंतरावांनी शास्त्रीबुवांकडेच दिला, आणि कचेरी मुंबईत न ठेवता वाईत. पहिला खंड १९७६ चा. आमच्या घरी आहेत ते खंड, सासऱ्यांनी एकेक करून घेतले. मार्क्सवाद काढा, गांधी काढा, धर्मावरच्या नोंदी काढा. शास्त्रीबुवांची स्वतःची मतं केवढी ठाम, भाषणांत कुणाला सोडत नसत, पण नोंद वाचताना माहिती मिळते, संपादकाच्या पक्षात या असं ती सांगत नाही. लहान गावात बसून केलेलं हे काम आहे, आणि आपली पोरं वाईला फक्त ढोल्या गणपती बघून मेणवलीला शूटिंगची जागा बघायला जातात.

माहुलीकर
आणि आमचे रामशास्त्री प्रभुणे, क्षेत्र माहुलीचे! १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, त्यांचे काका राघोबादादा गादीवर, आणि त्यांनाच तोंडावर दोषी सांगितलं. ज्याच्या हुकुमात नोकरी त्यालाच. मग पद सोडून निघून गेले. संगमावर आलात तर सांगा, दाखवतो सगळं.

शिराळ्याची_लेक
जयश्रीताई पूर्ण संच आहे का? मुलीला एमपीएससीसाठी हवाय.

जयश्री_वाई
आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो सगळा. पुस्तकं मात्र मी कुणाला देत नाही 😊

डॉ_मिरज
ओपीडी संपवून लिहितेय, तुटक होईल.
मिरजेत शिकले, तिथल्याच एका दवाखान्यात उमेदवारी केली. आमचे सर्जन सर, हाताला यश होतं त्यांच्या. राजकारणावर बोलायला लागले की थांबायचे नाहीत आणि एका समाजाबद्दल फार कडवट बोलायचे. चहाच्या खोलीत, वॉर्डात, कुठेही. २००९ ला गणपतीत दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या रात्री त्याच समाजातला एक मुलगा आला, पोटात भोसकलेलं. सरांनी पहाटेपर्यंत ऑपरेशन केलं. नंतर स्वतः खुर्ची ओढून त्याच्या पलंगाशी बसले, लघवी किती होतेय ते दर तासाला स्वतः बघत होते. मुलगा चालत घरी गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे सरांच्या हाताबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

पण पडद्याआडचं पेशंटला ऐकू जातं. काही महिन्यांनी त्याच मोहल्ल्यातल्या एक बाई आल्या, स्तनात गाठ. सरांनी नीट तपासलं, ऑपरेशनची तारीख दिली. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला, "डॉक्टरबाई, तुम्ही नाही का करणार? हे साहेब आमच्या माणसांवर रागावलेले असतात म्हणे." मी म्हटलं, अहो सरांसारखा सर्जन नाही, बिनधास्त या. त्या हो म्हणाल्या. आल्या नाहीत. पत्त्यावर माणूस पाठवला तर कर्नाटकात नातेवाइकांकडे गेल्या होत्या, झाडपाला चालू होता. पुढचं कळलं ते लिहवत नाही.

सरांनी तिच्याशी भेदभाव केला असता का? मी शपथेवर सांगेन, नसता केला. तिला ते कसं कळणार होतं? म्हणून मी माझ्या ओपीडीत कुठल्याच बाजूचा एक शब्द बोलत नाही, नर्सना पण बोलू देत नाही. टीव्हीवर बातम्या लावत नाही. घरी मी भांडते, नवऱ्याला विचारा.

कृष्णाकाठ
डॉक्टरताई, हे वाचून गप झालो. आमच्याकडं तर मुद्दाम केलं हुतं. हितं न करता बी तेच झालं.

गावभाग_सांगली
😔

अपशिंगेकर_सुभेदार
जय हिंद. मिलिटरी अपशिंगे, सातारा. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी. आमच्याकडे प्रश्नच नाही, आर्मी ॲक्टात कलम २१ आहे, राजकीय संघटना नाही, सभा नाही, पेपरात लेख नाही. मत टपालानं पाठवायचो. २००३ नंतर प्रॉक्सीची, म्हणजे आपल्या जागी दुसऱ्यानं मत द्यायची सोय झाली, गावाकडं भावाला दिली होती मी. माझे सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, ज्यांच्या हुकुमावर मी कारगिलच्या बाजूला पोस्टवर राहिलो, त्यांचं राजकीय मत काय हे मला आजपर्यंत माहीत नाही. धर्म पण फक्त सर्वधर्म स्थळावर परेडला गेलो तेव्हा कळला. त्या माणसासाठी जीव दिला असता. आता पेन्शनीत आलो, गावच्या राजकारणात आहे, जोरात आहे. ज्याला त्याला आपापली वेळ.

माण_म्हसवड
आमच्या सासूबाई सरपंच होत्या, महिला राखीव पडलं तेव्हा. सासऱ्यांनी उभं केलं, त्यांना वाटलं सही बाईची आणि कारभार आपला. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं पण घर कोणाचं हे वाडीवस्तीला पाठ असतं. उन्हाळ्यात टँकर लागले. आमच्या आळीतल्या आडात आधी ओतायचा असा सासऱ्यांचा हुकूम. शेवटची वस्ती विरोधातली, तिथे पोचेपर्यंत टँकरमध्ये तळ. तिथल्या बाया घागरी घेऊन रस्त्यात बसल्या. सासूबाई स्वतः गेल्या, उन्हात त्यांच्यातच बसल्या, कुणाच्या घरी किती माणसं, गुरं किती, सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सांगितलं, खेप लांबच्या वस्तीपासून सुरू आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या दोन बायांची सही लॉगबुकवर. सही नाही तर खेप धरली जाणार नाही.

घरात महाभारत झालं. सासरे म्हणाले ज्यांनी मतं दिली नाहीत त्यांना आधी पाणी? सासूबाई पाचवी शिकलेल्या. म्हणाल्या, "टँकर तुमच्या पक्षानं धाडलाय का? सरकारनं धाडलाय. माणशी हिशेब हाय." सासरे आठ दिवस पारावर जेवले. पुढच्या निवडणुकीत आम्ही पडलो बरं का. आपल्याच आळीनं पाडलं. पण शेवटच्या वस्तीवरच्या बाया अजून आमच्याकडे संक्रांतीला येतात. सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्या आल्या होत्या.

अनघा_सातारा
माण_म्हसवड, तुमच्या सासूबाईंबद्दल अजून लिहा हो. वेगळं लिहा सविस्तर.

माण_म्हसवड
लिहीन ताई. आता शेळ्या सोडायच्यात.

वाचनालय_विटा
छोटा अनुभव. आमच्या वाचनालयाचे नवे अध्यक्ष आले, त्यांना न आवडणारे दोन पेपर बंद झाले. कारण दिलं, निधी नाही. एक निवृत्त एसटी कंडक्टर रोज स्वतःच्या पैशानं ते दोन पेपर आणून टेबलावर ठेवू लागले, वाचून झाले की तिथेच ठेवून जायचे. अध्यक्षांनी सांगितलं बाहेरचे पेपर चालणार नाहीत. मग पारावर ठेवू लागले. आता पारावर जास्त लोक वाचतात.

टर्नर_फिटर
कंडक्टरांना सलाम 🙏

मास्तरीणबाई_कराड
सगळं वाचलं, पोषण आहाराचं रजिस्टर भरता भरता. माझा प्रश्न आत्ताचा आहे. पुणे शिक्षक मतदारसंघ, आमच्यात सातारा सांगली दोन्ही येतात. आमच्या संस्थेतल्या एका वरिष्ठांनी सगळ्या शिक्षकांचे नोंदणीचे अर्ज गोळा करायला सांगितलेत, "मी एकदम भरून देतो" म्हणून. आणि जोडीला गोड आवाजात, पहिल्या पसंतीचं काय ते मी नंतर सांगेन. मला माझा अर्ज स्वतः द्यायचाय. चालतं ना? नाहीतर नाव राहायचं यादीत.

निवृत्त_महसूल
चालतं बाई. अर्ज नमुना १९, पदवीधरांचा १८ असतो तो घेऊ नका, लोक घोटाळा करतात. १ नोव्हेंबर या तारखेआधीच्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावर शिकवलेलं हवं, त्याचा मुख्याध्यापकांचा दाखला जोडायचा. दाखला देणं हे त्यांचं काम आहे, मेहेरबानी नाही, लेखी मागा. तहसीलला स्वतः देऊन पोच घ्या. जुनी नोंदणी चालत नाही, दर वेळी नव्यानं करावी लागते. आणि मतदानाला केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच उमेदवारापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे कुणी फोटो मागितला तर सरळ सांगा मिळणार नाही म्हणून.

मास्तरीणबाई_कराड
काका खूप आभार. आमच्या स्टाफमधल्या अजून चौघी येते म्हणतायत. दाखल्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर लागतो का साध्या कागदावर शिक्का चालेल?

निवृत्त_महसूल
ठरलेला नमुना असतो, त्यावर सही आणि शिक्का. तहसीलमध्ये निवडणूक शाखेत मागा, झेरॉक्सवाल्याकडे पण मिळेल. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जा.